जर्मनची चाकं

राजूरच्या भिवा पेंटरला जगातली सगळी कामं येत होती. एक शब्द तेवढा येत नव्हता, तो म्हणजे "न्हाई".

कुणी विचारावं, "पेंटर, बैलगाडीच्या साट्यावर मोर काढशील का?" की भिवा म्हणणार, "बिलकुल." पिठाच्या गिरणीवर पाटी, लग्नाच्या पेटीवर कमळ, ट्रॉलीच्या फाळक्यावर वाघ, पोळ्याला बैलांची शिंगं, सगळ्याला "बिलकुल". एकदा हसनाबादच्या एका घरातल्या लोकांनी मेलेल्या बापाचा पुसट झालेला फोटो आणला आणि विचारलं, भिंतीवर मोठा काढशील का. भिवानं आयुष्यात माणसाचं तोंड काढलं नव्हतं. तो म्हणाला, "बिलकुल." बापाच्या मिशा जरा मोठ्या झाल्या, एक डोळा जरा रागीट झाला, पण वर्षभरानं घरच्यांनाच वाटायला लागलं की म्हातारा असाच होता, आणि नातवंडं त्या भिंतीसमोर दंगा करेनाशी झाली.

रंगाबद्दल त्याचं मत पक्कं होतं. रस्त्यानं जाणाऱ्या एसटीतल्या माणसानं खिडकीतून मान वळवली पाहिजे, नाहीतर तो रंग कसला. आणि मान वळवलीच तर त्याला कळायला नको का, हे कुणी केलं? म्हणून प्रत्येक कामाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, लाल अक्षरात: "भिवा पेंटर, राजूर." पाराच्या कट्ट्यावर ते होतं, दुधाच्या कॅनवर होतं, शाळेच्या फळ्याच्या चौकटीवर होतं. ग्रामपंचायतीचा संडास रंगवला तेव्हा त्याची बायको तुळजाबाई हात जोडून म्हणाली होती, "अवो, तितं तरी नाव नका टाकू. येणारं-जाणारं काय म्हणंल?"

"म्हणंल काय? वाचंल!" भिवा म्हणाला, आणि टाकलं.

असं बरं चाललं होतं, तोवर नव्व्याण्णव साली स्टँडसमोर रेडियमचं दुकान निघालं. भोकरदनचा एक पोरगा एक मशीन घेऊन आला. त्यात रंगीत चिकटकागद घातला की वाघ, मोर, "आई-वडिलांची कृपा", जे पाहिजे ते कापून बाहेर. ट्रॅक्टरवाले तिकडं वळले, मग मोटरसायकलवाले, मग दुकानांच्या पाट्याही गेल्या. मशीनला बिडी लागत नव्हती, चहा लागत नव्हता आणि मुख्य म्हणजे ते "उद्या ये" म्हणत नव्हतं. भिवा रोज सकाळी ब्रश धुवून, पुसून, ओळीनं मांडून बसायचा आणि संध्याकाळी ते तसेच उचलायचा.

तुळजाबाई दुसऱ्यांच्या रानात निंदायला, कापूस वेचायला जात होती आणि घर ती ओढत होती, हे भिवालाही माहीत होतं. तिचा धाकटा भाऊ संपत जालन्याला एका लोखंडाच्या मिलमध्ये कामाला होता. तिथं गेटवर एक माणूस पाहिजे होता. तुळजाबाईनं परस्पर ठरवून टाकलं, की अंगारकीला संपत गणपतीच्या दर्शनाला येईल, त्याच्यासंगं भिवानं जायचं, गेटवर बसायचं. भिवाला विचारलं तेव्हा तो अर्थातच न्हाई म्हणाला नाही.

पण त्याचं मन खट्टू झालं होतं. पोटाची काळजी त्याला नव्हती असं नाही. पण गेली वीस-बावीस वर्षं राजुरात पोस्टमनपासून पुजाऱ्यापर्यंत सगळे त्याला "पेंटर" म्हणून हाक मारत आले होते. एकदा का तो त्या गेटवर स्टुलावर जाऊन बसला, की तो वॉचमन होणार. मग सुट्टीत गावी आला तरी लोक म्हणणार, वॉचमन आलाय. ते काही त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

अशातच ती गाडी आली.

काकासाहेब म्हणजे गावातलं मोठं घर, भरपूर जमीन. त्यांचा मुलगा देवानंद लहानपणापासून बाहेरच्या शाळेत, वसतिगृहात वाढलेला; आता औरंगाबादला प्लॉटिंगच्या धंद्यात होता. त्यानं हैदराबादच्या कुणाच्या तरी शेडमधून एक जुनी स्पोर्ट्स गाडी उचलली. गाडी जपानी बनावटीची, लालभडक, दोन दारांची, आणि उंचीला एवढीशी की तिच्या टपावर कोपर टेकून उभं राहून गप्पा मारता याव्यात. गावात शिरताना शाळेसमोरच्या गतिरोधकावर ती पोटावर बसली आणि चौघांनी उचलून पलीकडं ठेवली. काकासाहेब मोठ्या हौसेनं आत बसले, ते बसतानाच पाय लांब करून खाली गेले, आणि बाहेर काढायला दोन गडी लागले.

"देवा," धोतर झटकत ते म्हणाले, "एवढी गाडी आणली, आन् दोनच दारं?"

गाडीचा रंग चांगला होता, पण चाकांची रया गेली होती. अशी चाकं गावात कुणी पाहिली नव्हती. पाच जाड आऱ्या, मध्ये टोपी, आणि सगळं एकसंध ओतलेलं. कधीकाळी ती आरशासारखी असावीत. आता त्यावर काळं किटण बसलं होतं, ठिकठिकाणी पांढरे फोड आले होते आणि कडा दगडांना घासून खरबडल्या होत्या. औरंगाबादला देवानंदनं चौकशी केली होती. तिथले म्हणाले, चाकं पुण्याला पाठवू, महिना लागेल. देवानंदला महिना परवडणार नव्हता. कारण टेंभुर्णीचे रामराव, ज्यांची मुलगी त्याला सांगून आली होती, ते अंगारकीला सहकुटुंब राजूरच्या गणपतीला येणार होते, आणि देवदर्शनाच्या निमित्तानं मुलगाही पाहणार होते. देवळापाशी ही गाडी उभी पाहिजे, असा देवानंदचा हट्ट होता.

"मंग त्यात काय," काकासाहेब म्हणाले, "आपला भिवा हाय की. का रं भिवा, जमंल का?"

"बिलकुल," भिवा म्हणाला.

मग तो चाकापाशी उकिडवा बसला. काय आहे हे, कशाचं आहे हे, त्याला काडीचंही कळत नव्हतं. पण गिऱ्हाइकासमोर काहीतरी केल्यासारखं दिसायला हवं म्हणून त्यानं बोटाच्या पेरानं आरीवर टकटक केलं, कान लावला, नखानं किटण जरा खरवडलं, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"अवो, हे त जर्मनचं हाय!"

आता आपल्याकडं अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. का म्हणतात ते कुणाला ठाऊक नाही आणि कुणी कधी विचारलंही नाही. भिवाच्या स्वयंपाकघरात दोन पातेली, एक परात, पाण्याची कळशी आणि पिठाचा डबा एवढा संसार होता, आणि तो सगळा जर्मनचा होता. पण देवानंद वसतिगृहाच्या ताटात जेवून मोठा झालेला. त्याला जर्मनी नावाचा एक देश तेवढा माहीत होता.

"काय सांगतो?" तो म्हणाला. "खरंच जर्मन?"

"खोटं कामून बोलू? आवाज बघा ना कसा बद्द येऊन राह्यला. अस्सल हाय. आमच्या घरात बी समदं जर्मनच हाय."

हे शेवटचं वाक्य देवानंदला विनोद वाटलं आणि तो खळखळून हसला. त्या संध्याकाळपर्यंत त्यानं औरंगाबादच्या चार मित्रांना फोन करून सांगितलं होतं, की बॉडी जपानी आहे, पण चाकं खास जर्मन बसवलेली आहेत, माझ्या माणसानं नुसत्या आवाजावरून ओळखलं. भिवाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच वाटलं की माल हलका निघूनसुद्धा मालक खूश झाला, म्हणजे माणूस मनानं मोठा आहे.

गाडी काकासाहेबांच्या गोठ्यासमोर लाकडाच्या ओंडक्यांवर चढवली. कोंबड्यांनी तिच्याखाली मुक्काम टाकला आणि चाकं गेली इब्राहीमभाईच्या पंक्चरच्या दुकानात.

इब्राहीमभाईनं आजवर बैलगाडीच्या टायरपासून ट्रकपर्यंत सगळं उघडलं होतं. त्यानं पहार घालून पहिला टायर सोडवला, आत हात घातला, आणि हात तसाच आत ठेवून भिवाकडं बघत राहिला.

"पेंटर," तो हळूच म्हणाला, "इसमें टूबच नै."

"म्हंजी?"

"नै म्हंजे नै. गई. किसने तो बी मार ली."

भिवानं स्वतः हात घालून पाहिलं. दुसरं चाक उघडलं, तिसरं, चौथं. चारीमध्ये ट्यूब नाही. इब्राहीमभाई कपाळाला हात लावून बसला. चोराबद्दल त्याच्या बोलण्यात थोडा आदरच होता. टायर खोलायचा, ट्यूब काढून घ्यायची, परत टायर बसवून हवासुद्धा भरून जायचं, म्हणजे कामाचा माणूस असला पाहिजे.

"पण नाव आपलं येईन ना, इब्राहीमभाई," भिवा रडकुंडीला येऊन म्हणाला. "चाकं आपल्या ताब्यात हायेत. सोयरीक व्हायच्या टायमाला मी पोराच्या गाडीच्या ट्यूबा चोरल्या म्हंतील!"

दोघं मिळून काकासाहेबांच्या घरी गेले. भिवानं टोपी हातात घेतली आणि शपथा घ्यायला सुरुवात केली, ती गणपतीपासून तुळजाबाईपर्यंत आली तेव्हा कुठं देवानंदला कळलं की हे कशाबद्दल चाललं आहे. त्यानं हसत सांगितलं, की या टायरात ट्यूब नसतेच, हवा अशीच राहते. परत येताना इब्राहीमभाई वाटेतच थांबला.

"अशीच रैती?" तो म्हणाला. "अल्लाके भरोसेपे?"

त्याला ते पटलं नाही ते नाहीच. पुढं चाकं रंगवून झाल्यावर त्याच्या पायपंपानं त्या टायरात हवा ठरेना, तेव्हा त्यानं कुणाला न विचारता जुन्या टॅक्सीच्या चार ट्यूबा आत घालून टाकल्या. देवानंदला हे आजतागायत माहीत नाही.

आता भिवाची पाळी होती. त्याची रीत एकच: लोखंड असो, लाकूड असो, आधी तांबडं अस्तर, मग ऑईलपेंट. त्यानं पहिल्या चाकाला अस्तर मारलं, वर चांदीचा रंग चढवला, उन्हात ठेवलं. दिसायला झकास दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यानं सहज अंगठ्यानं दाबून पाहिलं, आणि उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी रंगाची अख्खी साल निघून त्याच्या हातात आली.

त्यानं परत मारला. परत निघाला. चाक अंगणात मोरीच्या कडेला टेकवून तो दारात बसून राहिला. तो येत नसलेला शब्द आता काकासाहेबांसमोर जाऊन उच्चारावा लागणार, आणि शेवटचं काम बिघडवून, तोंड लपवत गेटवर जाऊन बसावं लागणार, असं त्याला स्पष्ट दिसायला लागलं. त्याला खरोखरच रडू येत होतं.

तुळजाबाई रानातून आली. डोक्यावरचा भारा टाकला, नवऱ्याकडं पाहिलं, चाकाकडं पाहिलं.

"काय झालं?"

"रंग सोडून राह्यलं."

"कशाचं हाय ते?"

"जर्मनचं."

"मंग घासलं का आधी?"

भिवा तिच्याकडं बघतच राहिला. पेंटर माणूस घासतो ते पॉलिश पेपरनं, आणि तेही दोन हात मारून. तुळजाबाईनं जास्त चर्चा केली नाही. चाक ओढून मोरीत घेतलं, चुलीतली राख काढली, चिंचेचा कोळ घेतला, काथ्याची मूठ केली आणि पदर खोचून बसली. घासता घासता तोंडाचा पट्टा चालूच होता. एवढं मोठं पातेलं आणि कधी कुणी धुतलंच नाही, कसली बाई होती ती त्या हैदराबादच्या घरातली. रंगाचे डबे फुकट घालवले. वीस वर्षं माझ्या हातची भांडी बघता, एवढं कळू नये का. हे एवढं करा आन् मंग गुमान जालन्याला जा. वर्षानुवर्षांचं ब्रेकचं काळं, तेलकट किटण राखेच्या पाण्यातून वाहून गेलं आणि खालून पांढरंस्वच्छ चाक निघालं. चारही चाकं तिनंच घासली. तिच्या हाताची साल निघाली, पण चाकांची निघायची थांबली.

मग मात्र भिवा जोमाला लागला. खरबडलेल्या कडांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, ती सुकल्यावर पाणी लावून पेपर मारला, बोट फिरवलं तर कुठं अडणार नाही इतपत. जालन्याच्या रंगाच्या दुकानातून एसटीच्या कंडक्टरकरवी पिवळसर अस्तराचा डबा मागवला. जर्मनवर हेच बसतं, असं दुकानदारानं सांगून पाठवलं होतं, आणि ते बसलं. चांदीचा रंग ब्रशनं मारला तर केसांच्या रेघा उठत होत्या, म्हणून त्यानं घरातला डास मारायचा हातपंप रिकामा केला, धुतला, त्यात रंग पातळ करून भरला आणि फुस्स-फुस्स करत चाकांवर उडवला. पंप पुरता धुतला गेला नसावा. रंग सुकेपर्यंत चाकावर एक माशी बसली नाही.

आणि चाकं अशी दिसायला लागली, की रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून त्यात कुंकू नीट करायला लागल्या.

भिवाला अर्थातच एवढ्यावर थांबवेना. नुसती चांदी म्हणजे त्याच्या मतानं अर्धवट काम. त्यानं एका चाकाच्या आऱ्यांना हिरवा, पिवळा, गुलाबी असे पट्टे ओढले आणि मधल्या टोपीवर छोटंसं कमळ काढलं. तेवढ्यात देवानंद आला. बघून तो मटकन खाली बसला.

"भिवा, ही बैलगाडी आहे का?"

"उठून दिसतंय ना पण?"

"पूस. आत्ताच्या आत्ता पूस. नुसती चांदी पाहिजे. फूल नको, पट्टा नको, आणि ऐक, नाव तर बिलकुल नको."

कमळ पुसताना भिवाला काही वाटलं नाही. पण नावाचं ऐकून त्याचा हात थांबला. "एवढंसं टाकतो," तो म्हणाला, "आतल्या बाजूनं. बारीक." देवानंद हसला. त्यानं भिवाच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, लिहायचं कशाला? मी तोंडानं सांगीन ना. जो विचारील त्याला सांगीन, आमच्या भिवा पेंटरनं केलंय म्हणून. औरंगाबादला असल्या गाड्या असलेले कितीतरी लोक आहेत."

भिवाला ते पटलं. पटलं म्हणजे काय, तो हवेतच चालायला लागला. घरी येऊन त्यानं तुळजाबाईला सांगितलं, की आता बघ, देवानंद चार मोठ्या लोकांत नाव घेणार, मंग कशाला लागतंय गेट न् स्टूल.

"आधी घेऊ द्या नाव," ती म्हणाली. "पिशवी मी भरून ठिवते."

अंगारकीला राजुरात मुंगी शिरायला जागा नव्हती. नारळवाले, फुलवाले, पाळणे, दर्शनाची रांग पार रस्त्यापर्यंत. देवळाखालच्या मोकळ्या जागेत लाल गाडी उभी होती आणि तिच्याभोवती जवळजवळ देवळाएवढीच गर्दी. भिवा धुतलेला सदरा घालून आला होता. शेजारी तुळजाबाई, तिच्या शेजारी संपत. संपतच्या हातात भिवाची पिशवी: दोन कपडे, टॉवेल आणि वाटेत खायला भाकरी. जालन्याची जीप भरली की सुटणार होती आणि ती अर्धी भरली होती.

"दाजी, चला ना," संपत म्हणाला. "जागा जाईन."

"थांब रं जरा. पावणे येऊन राह्यले."

रामराव आले. अंगानं भरदार, डोक्याला फेटा, तोंडात पान. टेंभुर्णीला त्यांची शेतीवाडी होती आणि भांड्यांचं भलंमोठं दुकानही होतं. मागं त्यांची बायको गिरिजाबाई. काकासाहेबांनी रामराम केला, देवानंद पाया पडला आणि लगेच गाडीकडं वळला. त्यानं गाडीचं मूळ सांगितलं, वेग सांगितला, मग चाकाकडं हात केला.

"आणि चाकं जर्मन आहेत," तो म्हणाला.

रामराव वाकले. बोटाच्या पेरानं टकटक केलं. कान दिला.

"हाय की," ते म्हणाले. "अस्सल जर्मन हाय."

देवानंदची छाती फुगली. "वा, तुम्ही बरोबर ओळखलं!"

"न वळखायला काय झालं? आमच्या माडीवर ढीग पडलाय."

"तुमच्याकडं?" देवानंद चकित झाला. "जर्मन?"

"मंग! पातेली, डेचक्या, डबे, कळशा. पण आता कोण घ्यायलंय जर्मन? ज्याला बघाल त्याला स्टील पायजे. तुमी चाकाला वापरलं हे एक बरं केलं. माल खपला त चांगलंच हाय."

देवानंदच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते बघण्यासारखं होतं. आधी त्याला कळेना, मग हळूहळू कळायला लागलं, आणि मग कळलेलं कसं लपवावं ते कळेना. गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. भिवाही हसला. आपण सांगितलेलं पाव्हण्यांनी खरं ठरवलं, एवढाच त्याचा समज झाला होता.

"पण काढलंय मातर नंबरी," रामराव चाकावरून हात फिरवत म्हणाले. "जर्मनला असा उजाळा मी न्हाई बघितला. कुणी केलं हो हे?"

भिवानं सदऱ्याची बाही ओढून सरळ केली आणि एक पाऊल पुढं टाकलं.

देवानंदची आधीच फजिती झालेली. आता बुडणारा माणूस काहीही धरतो. "पुण्याला," तो चटकन म्हणाला. "पुण्याला पाठवून करून आणली. मोठी कंपनी आहे. तिथं फक्त हेच काम चालतं."

भिवाचं पुढं टाकलेलं पाऊल तिथंच राहिलं. तो देवानंदकडं बघत होता, देवानंद गाडीच्या टपाकडं. न्हाई, खोटं आहे, मी केलं, एवढंच म्हणायचं होतं. पण त्याची सुरुवात न्हाईनं होत होती. तो मागं वळला आणि संपतच्या हातातल्या पिशवीला त्यानं हात घातला.

"चल," तो म्हणाला. "जागा जाईन."

"पुण्याला?"

हा आवाज तुळजाबाईचा होता. रानात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पोचणारा. दर्शनाच्या रांगेतली माणसंसुद्धा वळली. ती गर्दी बाजूला सारत गाडीपाशी गेली आणि तिनं दोन्ही हात रामरावांच्या तोंडासमोर धरले. बोटांची साल अजून पुरती भरून आलेली नव्हती.

"पुण्याला कवा गेल्ती हो चाकं? माझ्या मोरीत व्हती! माझ्या चुलीतली राख लागली त्याला, माझी चिंच लागली. घासली मी, आन् रंगवली ती ह्या माणसानं!" तिनं मागं हात केला. "ह्यो माझा मालक हाय. भिवा पेंटर. राजूरचा पेंटर. रंग उडाला व्हता तवा दोन रोज घास उतरला न्हाई त्याच्या घशाखाली, आन् तुमी पुण्याला म्हंता?"

काकासाहेब मुलाकडं वळले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"देवा. देवाच्या दारात उभा हाय. खरं बोल."

देवानंदनं मान खाली घातली. "भिवानंच केलं," तो म्हणाला.

"आयकू न्हाई आलं पाव्हण्याला."

"भिवा पेंटरनं केलं. राजूरच्या."

रामरावांनी पान थुंकलं आणि ते असे हसायला लागले की फेटा सुटला. गिरिजाबाईंनी तुळजाबाईला हाताला धरून बाजूला नेलं आणि राखेत आणखी काय घातलं होतं, ते विचारायला लागल्या. सोयरीक मोडली नाही. पोरगं जरा फेकतंय, पण बाप सरळ हाय, असं रामरावांनी घरी जाऊन सांगितलं म्हणतात, आणि पुढं लग्न झालंही.

भिवा तिथंच उभा होता. आजवर त्यानं आपलं नाव शेकडो जागी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. दुसऱ्या कुणी ते असं भर गर्दीत, मोठ्यानं, भांडून घेतलेलं त्यानं पहिल्यांदा ऐकलं. देवानंदचं त्याला काही वाटलं नाही. तो तुळजाबाईकडं बघत होता. हीच बाई महिनाभर त्याला गेटवर पाठवायला निघाली होती, आणि तिच्या तोंडून "पेंटर" हा शब्द इतक्या वर्षांत त्यानं एकदाही ऐकला नव्हता.

जीपवाल्यानं हॉर्न दिला. संपतनं पिशवी वर केली.

"दाजी, जीप भरली. ताई, पाठव त्यानला जल्दी."

तुळजाबाई आली, घाम पुसला आणि भावाच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"तू जा संपत. ह्यानला न्हाई जमायचं."

"का वं? काम आलं काय दाजीला?"

"काम न्हाई आलं," ती म्हणाली. "पण पेंटरला सवड बी न्हाई."

संपत एकदा तिच्याकडं, एकदा दाजीकडं बघायला लागला. भिवानं तिच्या हातातली पिशवी घेतली, भाकरीचं फडकं सोडलं आणि वाटेत खायला म्हणून त्या भाकरी संपतच्या हातात दिल्या.